हार्डवेअर वॉलेट : गुप्त किल्ली आणि तिची राखण

प्रास्ताविक

वाणिज्य किंवा संगणकशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकाला अलीकडे तास संपल्यावर एक प्रश्न विचारला जातो : "सर, माझ्याकडे थोडे बिटकॉइन आहेत, ते कुठे ठेवणे सुरक्षित?" कधी हा प्रश्न विद्यार्थ्याचा असतो, कधी त्याच्या वडिलांचा, आणि दोन-तीनदा तो स्टाफरूममध्येच दबक्या आवाजात विचारला गेला आहे. बिटकॉइन घ्यावेत की घेऊ नयेत, हा स्वतंत्र विषय आहे. या लेखकाचे मत विचाराल तर पगारातून संसार चालवणाऱ्याने त्यापासून दूर राहिलेले बरे. परंतु ज्याने ते घेतलेच आहेत, त्याला असे सांगून भागत नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू मर्यादित आहे. हार्डवेअर वॉलेट नावाचे छोटे यंत्र काय करते, काय करू शकत नाही आणि ते वापरताना माणसे कोठे चुकतात, एवढेच येथे मांडले आहे.

नाणे कोठे असते?

पहिला गैरसमज नावातूनच होतो. 'वॉलेट' म्हटले की पाकीट डोळ्यांपुढे येते आणि नाणी त्यात असतील असे वाटते. प्रत्यक्षात त्या यंत्रात एकही नाणे नसते. जमीन ज्याप्रमाणे तलाठ्याच्या दप्तरात नसते, तेथे फक्त तिची नोंद असते, त्याप्रमाणे बिटकॉइन म्हणजे जगभरच्या हजारो संगणकांवर एकाच वेळी ठेवलेल्या एका खातेवहीतील नोंद होय. ही वही जानेवारी २००९ मध्ये सुरू झाली आणि तिच्यात एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर काय गेले, एवढेच लिहिलेले असते. फरक असा की दप्तरातील नोंद बदलायला माणूस, ओळखपत्र, साक्षीदार आणि अधिकारी लागतात. येथे फक्त सही लागते, आणि ती सही एका प्रचंड मोठ्या गुप्त संख्येच्या साहाय्याने गणिताने तयार होते. या संख्येला खासगी किल्ली म्हणतात. ती ज्याच्या हाती, तो मालक. तुम्ही कोण, असे कोणी विचारत नाही.

म्हणूनच किल्ली हरवली तर नोंद तशीच राहते, पण ती कोणालाच हलवता येत नाही. वेल्समधील न्यूपोर्ट येथे २०१३ मध्ये एका गृहस्थाची हार्ड डिस्क चुकून कचऱ्यात गेली. तिच्यात सुमारे ८००० बिटकॉइनची किल्ली होती. कचराडेपो खणू द्यावा यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे धडपड केली आणि जानेवारी २०२५ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला. ती नाणी हरवलेली नाहीत, खातेवहीत ती आजही दिसतात. हरवली आहे ती किल्ली.

बहुसंख्य लोक ही किल्ली स्वतः सांभाळत नाहीत. एक्सचेंज म्हणवणाऱ्या कंपनीकडे खाते उघडले की किल्ली कंपनीकडे राहते आणि ग्राहकाकडे फक्त पासवर्ड. कंपनी बुडाली किंवा लुटली गेली की काय होते, हे फेब्रुवारी २०१४ मध्ये जपानमधील माउंट गॉक्स बंद पडली तेव्हा दिसले. सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन नाहीसे झाल्याचे तेव्हा जाहीर झाले. त्यांपैकी सुमारे दोन लाख पुढे सापडले. आपल्याकडे १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या एक्सचेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलर, म्हणजे जवळपास दोन हजार कोटी रुपयांची क्रिप्टो गेली आणि ग्राहकांची उरलेली नाणी एक वर्षाहून अधिक काळ अडकून पडली.

यंत्राचे काम

हार्डवेअर वॉलेट खासगी किल्ली आपल्याच पोटात तयार करते आणि बाहेर जाऊ देत नाही. संगणक किंवा मोबाइल व्यवहाराचा मजकूर यंत्राकडे पाठवतो, यंत्र तो आपल्या छोट्या स्क्रीनवर दाखवते, मालक बटण दाबतो, सही आत होते आणि फक्त सही केलेला व्यवहार बाहेर येतो. संगणकात विषाणू असला तरी त्याच्या हाती किल्ली लागत नाही. प्राग येथील सातोशीलॅब्स कंपनीने २०१४ मध्ये ट्रेझर नावाने असे पहिले यंत्र बाजारात आणले. फ्रान्समधील लेजर कंपनीही त्याच वर्षी स्थापन झाली. आज इतरही अनेक आहेत, परंतु तत्त्व सर्वांचे हेच.

यंत्राची किंमत काही हजार रुपये असते. ज्याच्याकडे पाच हजारांची क्रिप्टो आहे त्याने सात हजारांचे यंत्र घेण्यात फारसा अर्थ नाही, हेही विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे.

खरेदी आणि पहिली मांडणी

यंत्र कंपनीकडून किंवा तिने जाहीर केलेल्या विक्रेत्याकडूनच घ्यावे. जुने, वापरलेले, कोणी स्वस्तात देऊ केलेले यंत्र घेऊ नये. कॅस्परस्की या सुरक्षा संस्थेने मे २०२३ मध्ये एका बनावट ट्रेझरची तपासणी प्रसिद्ध केली. खोके, सील, स्क्रीनवरील मजकूर सर्व काही खऱ्यासारखे होते. आतील चिप मात्र बदललेली होती, आणि यंत्र नवीन किल्ली बनवण्याचे नाटक करून प्रत्यक्षात आधीच ठरवलेल्या २० किल्ल्यांपैकी एक देत होते. त्या विसांची यादी अर्थातच चोराकडे होती. याहून साधी फसवणूक म्हणजे खोक्यातच छापील शब्दांचे कार्ड असणे. खोक्यात शब्द लिहिलेले असतील किंवा पिन आधीच ठरवलेला असेल, तर ते यंत्र दुसऱ्या कोणाचे तरी आहे असे समजावे आणि परत करावे.

कंपनीचा प्रोग्राम उतरवताना संकेतस्थळाचा पत्ता माहितीपत्रकावरून पाहून स्वतः टाइप करावा. शोधयंत्राच्या वरच्या जाहिरातीवर टिचकी मारू नये. प्रोग्राम यंत्र अस्सल आहे की नाही ते तपासतो आणि आतील सॉफ्टवेअर अद्ययावत करतो. त्यानंतर 'नवीन वॉलेट' निवडले की यंत्राच्या स्क्रीनवर एकामागून एक इंग्रजी शब्द येऊ लागतात. १२ किंवा २४, आणि काही नव्या यंत्रांत २०. यांना आपण बीजशब्द म्हणू. पुढील सर्व काळजी या शब्दांची आहे.

बीजशब्दांचे गणित

हा भाग वर्गात शिकवण्याजोगा असल्याने थोडा विस्ताराने मांडतो. २०१३ मध्ये मारेक पालाटिनुस, पावोल रुस्नाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पद्धत मांडली, जी पुढे बहुतेक वॉलेटनी स्वीकारली. तिच्यात २०४८ शब्दांची ठरलेली यादी आहे. २०४८ म्हणजे २ चा ११ वा घात. म्हणून प्रत्येक शब्द ११ बिट माहिती वाहून नेतो. २४ शब्दांचे २६४ बिट होतात. त्यांपैकी २५६ बिट यंत्राने यादृच्छिकपणे निवडलेले असतात आणि उरलेले ८ त्यांच्यावरूनच काढलेले तपासणीचे असतात. १२ शब्दांत हाच हिशोब १२८ अधिक ४ असा येतो. पॅन किंवा खाते क्रमांकाप्रमाणे हा काही कंपनीने दिलेला क्रमांक नव्हे. तो कंपनीला ठाऊक नसतो, आणि सर्व पत्ते व सर्व किल्ल्या या एका बीजातूनच निघतात. यंत्र फुटले, हरवले, कंपनी बंद पडली तरी तेच शब्द त्याच क्रमाने त्याच पद्धतीच्या दुसऱ्या यंत्रात भरले की सर्व परत मिळते. उलट यंत्र कपाटात कुलूपबंद आहे आणि शब्द दुसऱ्याने वाचले, तर कुलपाचा उपयोग शून्य.

तपासणीच्या बिटांमुळे आणखी एक गोष्ट होते. २४ शब्दांत एखादा शब्द चुकीचा भरला तर तो संच योग्य ठरण्याची शक्यता २५६ मध्ये १ असते; म्हणजे चूक जवळजवळ नेहमी पकडली जाते. १२ शब्दांत ती १६ मध्ये १ असते. मात्र कोणता शब्द चुकला, ते यंत्र सांगत नाही. स्वतःच्या आवडीचे शब्द निवडून बीज करावे असे काहींना वाटते; तसे करू नये. माणसाची निवड यादृच्छिक नसते, आणि शेवटचा शब्द तर तपासणीच्या बिटांमुळे मनाप्रमाणे घेताच येत नाही.

शब्द लिहिताना मराठी माणसाकडून होणारी एक खास चूक येथे नोंदवतो. माझ्या एका सहकाऱ्यांनी शब्द सवयीप्रमाणे देवनागरीत उतरवले. पुनःप्राप्तीची चाचणी घेताना यंत्राने संच अमान्य केला. शोध घेतला तेव्हा लक्षात आले की त्यांच्या कागदावर 'राइट' आणि 'पीस' असे दोन शब्द होते. मूळ यादीत 'उजवा' या अर्थाचा राइट आहे आणि 'लिहिणे' या अर्थाचाही आहे; 'शांतता' या अर्थाचा पीस आहे आणि 'तुकडा' या अर्थाचाही. देवनागरीत दोन्ही जोड्या एकसारख्याच दिसतात. दोन शब्दांचे दोन-दोन पर्याय म्हणजे चार संच. ते एकेक करून भरले आणि त्यांतला एक जुळला. पैसे तेव्हा अगदी थोडे होते आणि शब्दही फक्त दोनच संशयास्पद होते, म्हणून निभावले. तेव्हा बीजशब्द रोमन लिपीत, छापील अक्षरांत, क्रमांक घालून लिहावेत. यादी अशी निवडलेली आहे की कोणताही शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येतो. तरी पूर्ण शब्द लिहिलेला चांगला.

दुसरी चूक याहून सर्रास आढळते, आणि ती म्हणजे शब्दांचा मोबाइलने फोटो काढणे. फोटो आपोआप कंपनीच्या सर्व्हरवर साठवला जातो, जुना फोन विकला जातो, घरातील मुले फोन वापरतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्कीने असे ॲप उघडकीस आणले की जे फोनमधील फोटो वाचून त्यांत बीजशब्द आहेत का ते शोधत होते, आणि अशी ॲप गूगल व ॲपल या दोघांच्याही अधिकृत दुकानांत मिळाली होती. फोटो नाही, ईमेल नाही, वर्ड फाइल नाही, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेला निरोपही नाही. शब्द लिहिताना फोन दुसऱ्या खोलीत असावा. झेरॉक्सच्या दुकानात तर हा कागद नेऊच नये.

पिन आणि रंगीत तालीम

यानंतर यंत्र पिन ठरवायला सांगते. पिन आणि बीजशब्द यांत गल्लत होते म्हणून स्पष्ट करतो : पिन हा त्या एका यंत्राचा दरवाजा, तर बीजशब्द म्हणजे मालमत्ताच. लेजरच्या यंत्रावर सलग तीन वेळा चुकीचा पिन भरला की यंत्र स्वतःला कोरे करते. शब्द हाताशी असतील तर यात घाबरण्यासारखे काही नाही.

याच सोयीचा उपयोग करून तालीम घ्यावी. एक्सचेंजवरून प्रथम अगदी लहान रक्कम यंत्राच्या पत्त्यावर मागवावी. ती आलेली दिसली की यंत्र मुद्दाम कोरे करावे आणि कागदावरचे शब्द पाहून पुन्हा उभे करावे. तोच पत्ता आणि तीच शिल्लक दिसली, म्हणजे कागद बरोबर आहे. मगच बाकीची रक्कम हलवावी. शब्द भरायचे ते यंत्राच्याच बटणांनी वा स्क्रीनवर, संगणकाच्या कळफलकावर नव्हे. या सर्वाला एक संध्याकाळ लागते आणि बहुतेक लोक नेमके हेच टाळतात. पाच वर्षांनी यंत्र बंद पडते, तेव्हा अकरावा शब्द वाचता येत नाही असे लक्षात येते.

स्क्रीनवर काय दिसते?

वझीरएक्सची घटना वर आली आहे. तिच्याकडे पुन्हा वळतो, कारण तिच्यातून यंत्राची मर्यादा कळते. कंपनीने जाहीर केल्याप्रमाणे त्या खात्याला अनेकांच्या सह्या लागत होत्या आणि तिचे सही करणारे अधिकारी हार्डवेअर वॉलेटच वापरत होते. किल्ली चोरीला गेली नव्हती. संगणकाच्या पडद्यावर दिसला एक व्यवहार आणि सही झाली दुसऱ्यावर. २१ फेब्रुवारी २०२५ रोजी बायबिट या एक्सचेंजमधून सुमारे दीड अब्ज डॉलरचे इथर गेले, तेही असेच. सही करणाऱ्यांना जे पान दिसत होते तेच आतून बदललेले होते. अमेरिकेच्या एफबीआयने ते कृत्य उत्तर कोरियाचे असल्याचे म्हटले.

कोऱ्या मुद्रांकावर सही करू नये हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. परंतु गुंतागुंतीच्या व्यवहारांत यंत्राच्या छोट्या स्क्रीनवर अर्थहीन अक्षरांची लांबलचक ओळ येते आणि माणूस कंटाळून बटण दाबतो. बिटकॉइन एका पत्त्यावर पाठवणे हा साधा व्यवहार असतो. रक्कम आणि पत्ता दोन्ही यंत्रावर स्वच्छ वाचता येतात. एखाद्या संकेतस्थळाला आपल्या खात्यातील नाणी हलवण्याची परवानगी देणे, हा प्रकार मात्र वेगळा आहे. जे यंत्राच्या स्क्रीनवर वाचून समजत नाही, त्यावर सही करू नये; नवशिक्याने असे व्यवहार करूच नयेत, असे मी म्हणेन.

पत्ता तपासताना पहिली चार आणि शेवटची चार अक्षरे पाहायची सवय असते. चोर हे ओळखून आहेत. ते दोन्ही टोके जुळतील असा पत्ता बनवतात आणि त्यावरून आपल्याला नगण्य रक्कम पाठवतात, म्हणजे पुढच्या वेळी आपण जुन्या व्यवहारांतून तोच पत्ता उचलू. मे २०२४ मध्ये एका मोठ्या धारकाने असे जवळपास ७ कोटी डॉलर भलत्याच पत्त्यावर पाठवले. पुढे चोराने बरीचशी रक्कम परत केली हे त्याचे नशीब. तेव्हा पत्ता मधल्या अक्षरांसह वाचावा. पैसे मागवतानाही संगणकावरचा नव्हे, तर यंत्रावर दिसणारा पत्ता खरा मानावा.

पत्र येते तेव्हा

लेजर कंपनीच्या ग्राहकांची माहिती २०२० मध्ये फुटली आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात सुमारे २,७२,००० ग्राहकांची नावे, घरचे पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक उघड झाले. किल्ल्या सुरक्षित होत्या. पण नंतर ग्राहकांना कंपनीच्या नावाने ईमेल येऊ लागले, २०२१ मध्ये तर काहींना टपालाने 'बदली यंत्र' आले, सोबत जुने शब्द नव्या यंत्रात भरा अशी सूचना. २०२५ मध्येही कंपनीच्या बोधचिन्हासह छापील पत्रे लोकांच्या घरी आली. खऱ्या कंपनीला बीजशब्दांची कधीही गरज पडत नाही. दुरुस्तीसाठी नाही, पडताळणीसाठी नाही, करासाठीही नाही.

यंत्रच चोरीला गेले तर? पिन आहे म्हणून निश्चिंत राहू नये. जानेवारी २०२० मध्ये क्रॅकेनच्या सुरक्षा विभागाने दाखवून दिले होते की ट्रेझरची तेव्हाची यंत्रे हाती असतील तर त्यांतून बीज सुमारे १५ मिनिटांत काढता येते. पुढील यंत्रांत वेगळी सुरक्षा चिप आली, तरी यंत्र गेले की कागद काढावा, दुसऱ्या यंत्रावर वॉलेट उभे करावे आणि सर्व रक्कम अगदी नव्या बीजावर हलवावी. बीजशब्दांच्या जोडीला स्वतःचा एक जास्तीचा परवलीचा शब्द ठेवण्याची सोय बहुतेक यंत्रांत असते आणि अशा चोरीवर ती उत्तम उपाय आहे. पण तिच्यात एक खोच आहे. हा शब्द चुकला तर यंत्र 'चूक' असे म्हणत नाही. ते दुसरेच, रिकामे वॉलेट उघडून दाखवते. ज्याला चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, त्याने या फंदात पडू नये.

कागद, पाऊस आणि वारस

गोव्यात किंवा बेळगावात कागद ठेवणाऱ्याला दमट हवा आणि वाळवी यांचा विचार करावाच लागतो. शाईपेनाची अक्षरे ओल लागली की पसरतात. त्यापेक्षा पेन्सिल बरी. रक्कम मोठी असेल तर स्टेनलेस स्टीलच्या पट्टीवर शब्द ठोकून घ्यावेत, स्वतःच्या हाताने, लोहाराकडून नव्हे. एक प्रत घरी आणि एक बँकेच्या लॉकरमध्ये, अशी विभागणी बहुतेकांना पुरते. काही जण १२ शब्दांचे सहा-सहा असे दोन तुकडे करून दोन ठिकाणी ठेवतात. त्यात दुहेरी तोटा आहे. एक तुकडा गेला तर आपले सर्व गेले, आणि तोच चोराला मिळाला तर त्याचे उरलेले काम सुमारे २ च्या ६२ व्या घाताइतके, म्हणजे मोठ्या साधनसामग्रीच्या आवाक्यात येऊ शकणारे, राहते. तुकडेच करायचे असतील तर त्यासाठी गणिताने बनवलेली वेगळी पद्धत काही यंत्रांत आहे. तिच्यात तीनपैकी कोणतेही दोन भाग पुरे पडतात आणि एका भागावरून काहीच कळत नाही.

कराची नोंद स्वतः ठेवावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर लागू झाला आणि त्यात खरेदी किमतीखेरीज कोणताही खर्च, म्हणजे या यंत्राचाही, वजा मिळत नाही. नाणी एक्सचेंजवरून यंत्रावर आणली की खरेदीची तारीख व किंमत सांगणारा कागद एक्सचेंजकडेच राहतो. ते उतारे वेळीच काढून ठेवावेत.

शेवटी वारसांचा प्रश्न. बँकेच्या ठेवीला नामनिर्देशन असते. येथे तसले काही नाही. न्यायालयाने वारसाहक्काचा दाखला दिला तरी शब्दांवाचून नोंद हलत नाही. म्हणून घरच्यांसाठी एक साधे पत्र लिहून ठेवावे आणि ते बीजशब्दांपासून वेगळ्या जागी ठेवावे. पत्रात शब्द लिहू नयेत. कोणते यंत्र आहे, त्यात कोणती नाणी आहेत, शब्दांच्या प्रती कोठे आहेत, जास्तीचा परवलीचा शब्द वापरला आहे की नाही, खरेदीचे उतारे कोणत्या फाइलमध्ये आहेत आणि मदतीला कोणाला बोलवावे, एवढे पुरे. कोणत्याही संकेतस्थळावर किंवा दूरध्वनीवर शब्द सांगू नयेत, ही ओळ मात्र त्यात ठळक अक्षरांत असावी, कारण कुटुंब गोंधळलेले असते तेव्हाच मदतीला धावून येणारे अनोळखी लोक भेटतात. पत्रावर तारीख घालावी आणि वर्षातून एकदा, आयकराचे विवरणपत्र भरण्याच्या सुमारास, ते काढून वाचावे. मध्यंतरी यंत्र बदलले असेल किंवा लॉकर दुसऱ्या शाखेत नेला असेल, तर तेवढी ओळ दुरुस्त करावी.